पाऊस पडला नाही, की कळलं नाही?

(सात सेकंद शांतता)

आत्ता जे झालं ते नेटवर्कमुळे नाही झालं. ती सात सेकंदं मी मुद्दाम गप्प होतो. खरं सांगा, किती जणांनी मोबाईल खिशातून काढून बघितला? किती जणांनी इअरबड काढून परत घातला? चार्जिंग गेलं, नेट गेलं, ॲप अडकलं, सगळं मनात येऊन गेलं असेल. हा माणूस नुसता गप्प बसलाय, असं एकालाही वाटलं नसेल.

आणि जे हा भाग ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी वर कंसात 'सात सेकंद शांतता' असं लिहावं लागलं. नाहीतर ती तुमच्यापर्यंत पोचलीच नसती.

तर आजचा विषय हाच. कोरी जागा. जिथं काही नाही ती जागा. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे माझा अर्धा पगार या कोऱ्या जागांचं काय करायचं हे ठरवण्याचा असतो. पण आज बोलायचंय ते कोडपेक्षा जरा पुढचं.

पॉडकास्ट सुरू केला तेव्हा मी एक गोष्ट शिकलो. बोलून झालं की लगेच रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. अर्धा-एक मिनिट गप्प बसायचं आणि खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. याला रूम टोन म्हणतात. त्यात पंख्याची घरघर असते, लांबचा हॉर्न असतो, खोलीचा स्वतःचा एक बारीक आवाज असतो. नंतर एडिट करताना मधला खोकला कापला की तिथं ही शांतता भरायची. कारण तिथं अगदीच काही नाही ठेवलं, आवाज पूर्ण शून्य केला, तर ऐकणाऱ्याचा कान दचकतो. म्हणजे खऱ्या शांततेतसुद्धा काहीतरी असतं, आणि आपल्या कानाला ते कळतं. डोक्याला कळायला वेळ लागतो, एवढंच.

आता भाषेकडे या. 'ब्लँक' हा एक इंग्रजी शब्द आपण सगळीकडे वापरतो. 'व्हायवात ब्लँक झालो', 'फॉर्म ब्लँक सोडला', 'ब्लँक चेक'. पण मराठीत याला एक शब्द नाहीच. मराठीत त्याचे प्रकार आहेत.

कोरा चहा म्हणजे काय? त्यात पत्ती आहे, साखर आहे, आलंपण आहे. फक्त दूध नाही. म्हणजे जे असेल असं तुम्ही धरून चालला होता, तेवढंच नाही. कोरी साडी म्हणजे काय? तिला काठ आहेत, पदर आहे, बुट्टे आहेत, पण घडी मोडलेली नाही. म्हणजे इथं कोरी याचा अर्थ अजून कोणी न वापरलेली. आणि कोरा चेहरा म्हणजे? आत बरंच चाललंय, पण वर दिसू दिलेलं नाही. तीन वेळा तोच शब्द, तीन वेगळे अर्थ.

पुढे. रिकामा आणि मोकळा. 'रविवारी मी मोकळा आहे' म्हटलं तर लोक भेटायला बोलावतात. 'मी रिकामा आहे' म्हटलं तर नोकरीचं विचारतात. वेळ तोच आहे, तेवढाच आहे. एका शब्दात सुटका आहे, दुसऱ्यात कमीपणा.

आणि काही ठिकाणी तर मराठी माणूस रिकामं असं तोंडानं म्हणायलाच घाबरतो. माझी आजी 'तांदूळ संपले' म्हणू द्यायची नाही. 'वाढले' म्हणायचं. दिवा विझवला नाही, मालवला. बांगडी फुटली नाही, वाढवली. शेजारच्या काकूंनी वाटीभर भाजी दिली तर वाटी रिकामी परत जायची नाही, निदान चमचाभर साखर तरी घालून जायची. मला लहानपणी हे सगळं खुळचट वाटायचं. आता वाटतं, ज्या घरात तांदूळ खरंच संपायचे, त्या घरानं ती भीती शब्दात गुंडाळून ठेवली होती.

आता माझी चूक सांगतो.

पहिल्या नोकरीत आमच्याकडे पावसाच्या नोंदी गोळा करणारं एक सॉफ्टवेअर होतं. गावोगावच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांकडून आकडे यायचे, आम्ही ते साठवायचो आणि रिपोर्ट काढायचो. एका मशीनकडून काही दिवस आकडेच आले नाहीत. रकाने कोरे. रिपोर्ट चालवला की प्रोग्राम त्या जागी येऊन अडकायचा. मी नवीन होतो, हुशारी दाखवायची होती. एक ओळ लिहिली: जिथं जिथं कोरं आहे, तिथं शून्य भर. रिपोर्ट सुरळीत निघाला. मी खूश.

आमच्या टीम लीड मॅडमनी तो रिपोर्ट बघितला आणि मला बोलावलं. म्हणाल्या, "या गावात नऊ दिवस पाऊस पडला नाही, की पडला का ते आपल्याला कळलं नाही?"

मला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग पोटात गोळा आला. मशीनची बॅटरी गेली होती. तिथं कदाचित धो-धो पाऊस पडला असेल. आणि मी एका ओळीत त्या गावावर पावसाचा खंड पाडून मोकळा झालो होतो.

यात शेतकऱ्याचं काय जातं, असं वाटत असेल तर लक्षात घ्या, हवामानावर आधारित फळपीक विम्यासारख्या योजनेत भरपाई मिळणार की नाही हे अशाच केंद्रांच्या नोंदींवरून ठरतं. झाडाखाली उभं राहून कोणी पाऊस मोजत नाही. रकान्यात जे आहे तेच खरं धरतात. आमचा रिपोर्ट वेळेत अडवला गेला म्हणून मी हे आज हसत सांगतोय.

डेटाबेसमध्ये यासाठी तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, शून्य: मोजलं, आणि काही नव्हतं. दोन, रिकामी अक्षरओळ: विचारलं, आणि समोरच्यानं काही लिहिलं नाही. तीन, नल: माहीतच नाही. साधं उदाहरण घ्या. चार दिवसांचा पाऊस आहे दहा, वीस, तीस आणि एक दिवस कोरा. कोरा तसाच ठेवला तर डेटाबेस तो दिवस वगळतो आणि सरासरी काढतो २० मिलिमीटर. कोऱ्याला शून्य केलं की सरासरी १५. पाऊस तोच. एका माणसाच्या घाईनं पाच मिलिमीटर गायब.

आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. एसक्यूएलमध्ये तुम्ही विचारलंत, की ही कोरी जागा त्या कोऱ्या जागेसारखी आहे का, तर उत्तर 'हो' येत नाही. 'नाही'पण येत नाही. उत्तर येतं, 'माहीत नाही'. दोन्हीकडे काय आहे हेच माहीत नसेल तर त्या सारख्या आहेत असं कसं म्हणणार? कॉलेजात हे पाठ केलं होतं. अर्थ मॅडमच्या त्या प्रश्नानंतर कळला.

टोनी होअर हे संगणकशास्त्रातलं मोठं नाव. १९६५ मध्ये त्यांनी अल्गोल डब्ल्यू या भाषेत 'नल रेफरन्स' आणला, करायला सोपा होता म्हणून. २००९ मध्ये एका व्याख्यानात त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कारण तेव्हापासून जगभरातले प्रोग्राम 'इथं काहीतरी असेल' असं धरून चालतात, तिथं काही नसतं, आणि सगळं कोसळतं.

पण चूक फक्त प्रोग्रामची कुठे असते? आपणही दिवसभर हेच करतो. मेसेज पाठवला, दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. ती जागा कोरी आहे. आपण किती वेळ कोरी ठेवतो? दहा मिनिटं? मग आपण भरायला लागतो. 'रागावली असेल.' 'मला टाळतोय.' 'दुसरं कोणीतरी असेल.' तिकडे ती माणसं कदाचित गॅसवर दूध ठेवून उभी असतात. आपण नलच्या जागी शून्य भरतो, आणि त्या शून्यावर रात्र काढतो.

आता एक अशी कोरी जागा बघू, जिच्यासाठी लोक मोर्चे काढतात. सातबारा कोरा.

शहरात वाढलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची आणि तिच्यावर कोणाचे हक्क, बारामध्ये पीक काय. त्या सातमध्ये 'इतर हक्क' असा रकाना असतो. कर्ज काढलं की सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथं चढतो. 'सातबारा कोरा करा' ही घोषणा आहे त्या रकान्याबद्दल. तिथं लिहिलेलं नाहीसं व्हावं, एवढीच मागणी. आपल्याला कोरा कागद म्हणजे अजून सुरुवात व्हायचीय असं वाटतं. शेतकऱ्याला कोरा रकाना म्हणजे एकदाचं सुटलो असं वाटतं.

पण महसूल खातं खरंच कोरं काही ठेवत नाही. बोजा चढला तरी फेरफार होतो, उतरला तरी फेरफार होतो, आणि फेरफाराची वही सगळं लक्षात ठेवते. आणि शेतात काही पेरलं नसेल तरी बाराचा रकाना कोरा सोडायचा नसतो. तिथं 'पड' लिहायचं. २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाईलवर ई-पीक पाहणी करतात, त्यातही 'चालू पड' आणि 'कायम पड' हे पर्याय आहेत. यंदा पेरलं नाही वेगळं, पेरलंच जात नाही वेगळं, आणि कोणी बघायलाच गेलं नाही ते तिसरंच. माझ्या त्या एका ओळीपेक्षा हा कागद किती तरी शहाणा आहे.

आता याच्या पुढची पायरी. कधीकधी जागा कोरी राहत नाही, कोणीतरी ती मुद्दाम कोरी ठेवतं.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. २८ जूनला इंडियन एक्स्प्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. वाचणाऱ्यानं पान उघडलं आणि त्याला सगळं कळलं. पुढे सेन्सॉरनं अग्रलेखाची जागा कोरी सोडायलाही मनाई केली. विचार करा, न लिहिलेल्यावर बंदी!

नोव्हेंबर २०२२. चीनमध्ये उरुम्ची शहरात एका इमारतीला आग लागून माणसं गेली. कोविडच्या कडक निर्बंधांमुळे त्यांना वेळेत बाहेर पडता आलं नाही, असा लोकांचा संताप होता. शांघाय, बीजिंग अशा शहरांत तरुण मुलं रस्त्यावर आली, हातात ए-फोरचे कोरे कागद घेऊन. कागदावर काहीच नाही, आणि तरी काय म्हणायचंय हे पोलिसांनाही माहीत, मुलांनाही माहीत.

आपल्याकडे याचंच एक बटण आहे. नोटा. आधीही मत न देण्याची सोय होती, पण त्यासाठी केंद्रावरच्या अधिकाऱ्याला सांगून सही करावी लागायची. म्हणजे गुप्तता संपली. २७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि मशीनवर नोटा आलं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होतं, २७ हजारांहून जास्त मतं. घरी बसलेला माणूस का बसला ते कोणालाच माहीत नसतं. आळस, ताप, राग, काहीही असेल. तो नल. पण रांगेत उभं राहून नोटा दाबणारा सांगून जातो, की मी आलो होतो, मी बघितलं, आणि मला यातलं कोणी नको. त्याचं उत्तर मोजलं जातं.

म्हणजे कोरी जागा दिसली की दोन प्रश्न. इथं काही नाहीये, की आपल्याला माहीत नाहीये? आणि ही कोरी राहिली, की कोणीतरी ठेवली? ठेवली असेल तर कोणी?

हे प्रश्न मी डेटाला विचारायला शिकलो. घरात विचारायला फार उशीर लागला. शेवटचा किस्सा त्याबद्दल आहे, आणि तो सांगायचं ठरवायला मला तीन रेकॉर्डिंगं लागली.

मघाशी मी 'मोकळा' हा छान शब्द आहे म्हणालो. पण एके ठिकाणी मराठीत तो छान नाहीये. मोकळं कपाळ. पांढरं कपाळ. भुंडे हात. एकाही शब्दात बाईचं नाव नाही, तरी तिच्यावर काय गुदरलंय ते सगळ्यांना कळतं. आणि ही जागा आपोआप कोरी होत नाही. कोरी केली जाते, चार जणींसमोर.

माझे बाबा गेले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत मी जेवणाचे हिशेब आणि बँकेचे फॉर्म बघत होतो. आतल्या खोलीत काय झालं ते मी बघितलं नाही. बाहेर आली तेव्हा आईच्या कपाळावर टिकली नव्हती. मी मनात एक उत्तर भरून टाकलं: तिनं तिच्या मनानं काढली असेल. तिला आता नको असेल. आणि ते उत्तर मी कधी तपासलं नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद. लगेच त्याच महिन्यात राज्य सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मी ती बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. मावशीनं हात जोडले, काकानं अंगठा दिला. आईनं काहीच टाकलं नाही. मी तिथंही भरून टाकलं: बघितलं नसेल.

मागच्या दिवाळीत घरी होतो. ती भाकऱ्या थापत होती, मी ओट्याला टेकून उभा होतो. का कोण जाणे, विचारलं. "आई, टिकली तू स्वतः काढलीस का गं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "टिकलीचं काही नाही रे. मला तशीही सगळ्या टिकल्यांची खाज यायची. हातांचं वाईट वाटलं. भाकरी थापताना बांगड्या वाजायच्या ना, त्याची सवय होती. नंतर स्वयंपाकघर कसं मुकं झालं."

मी आवाजाचं काम करणारा माणूस. खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवणारा. माझ्या स्वतःच्या घराचा आवाज बदलला होता आणि मला वर्षानुवर्षं ऐकू आलं नव्हतं. मी टिकलीबद्दल वाचत होतो, बोलत होतो, फॉरवर्ड करत होतो. बांगड्यांबद्दल मला माहीतच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

मी लगेच म्हटलं, "चल, आजच आणू बांगड्या. मी येतो." पुन्हा तीच घाई. कोरं दिसलं की भर.

ती म्हणाली, "थांब जरा. त्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं. आता तू विचारलंयस ना, मग ठरवू दे की मला."

अजून तिनं ठरवलेलं नाही. घालेल, नाही घालेल. मी दर आठवड्याला फोन करतो आणि त्याबद्दल काही बोलत नाही. तो रकाना मी तसाच ठेवलाय. आता तो तिचा आहे.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात, तुमच्या चॅटमध्ये एखादी अशी जागा असेल जी तुम्ही परस्पर भरून टाकलीय, तर ती एकदा खोडून बघा, आणि ज्याची आहे त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या.

एडिट करताना मी नेहमी शेवटी म्युझिक टाकतो. आज टाकत नाहीये. भेटू पुढच्या भागात.

(वीस सेकंद खोलीची शांतता. पंखा. लांब कुठंतरी कुकरची शिट्टी.)